गून शो आणि गॉथिक : भयकथेचं विडंबन रेडिओवर इतकं का जमतं?

पडद्यामागे (धागाकर्ता)

गॉथिक कथेचा, म्हणजे जुने वाडे, शाप आणि वादळी रात्री यांच्या भयकथेचा, अर्धा संसार आवाजावर चालतो. करकरणारं दार, जिन्यावरची पावलं, वाऱ्यानं आपटणारी खिडकी, लांबून येणारं कुत्र्याचं रडणं, कुलूप लावलेल्या खोलीतला हुंदका. यातलं काहीच डोळ्यांना दाखवावं लागत नाही, उलट दाखवलं की भीती पातळ होते. म्हणून भयकथा रेडिओवर पहिल्यापासून रुजली. आणि माझं मत असं की तिचं विडंबनही रेडिओवर जितकं फर्मास होतं तितकं कागदावर किंवा पडद्यावर होत नाही. नाटकांचं ध्वनिसंयोजन करत असल्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

उदाहरण घेतो बीबीसीच्या 'द गून शो'चं. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: 28 मे 1951 रोजी 'क्रेझी पीपल' या नावानं होम सर्व्हिसवर सुरू झाला आणि 28 जानेवारी 1960 ला संपला. लेखनाचा मुख्य भार स्पाइक मिलिगनवर. तो, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम असे तिघं मिळून भागातली बहुतेक सगळी पात्रं उभी करायचे. सुरुवातीला मायकेल बेंटीनही होता. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, मध्ये दोनदा गाणं-बजावणं, समोर बसलेला प्रेक्षकवर्ग.

2 नोव्हेंबर 1954 चा भाग 'द कनाल'. शाळेतून घरी परतणारा नेड सीगून. वय शाळेचं उरलेलं नाही, पण शिक्षण आत्ताच संपलंय. घर कसलं, कालव्याकाठचा तो एक भयाण वाडा. वडिलांनी त्याचा भरभक्कम विमा उतरवलाय आणि आता पोरगं कधी एकदा त्या कालव्यात बुडतंय याची ते वाट बघतायत. गॉथिकमधला दुष्ट वडीलधारा, वारसाहक्काचा पैसा, पाण्याचा शाप, सगळा ऐवज जागच्या जागी आहे.

आता खरी गंमत. वडिलांचं काम करायला बोलावलं होतं व्हॅलेंटाइन डायलला. हा माणूस म्हणजे 1943 पासून बीबीसीवर गाजलेल्या 'अपॉइंटमेंट विथ फिअर' या भयमालिकेतला 'मॅन इन ब्लॅक', म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधी श्रोत्यांना खोल, संथ आवाजात अंधारात ओढून नेणारा सूत्रधार. युद्धाच्या काळात ब्रिटिश घरांनी हा आवाज दिवे मालवून ऐकला होता. मिलिगननं त्या आवाजाची नक्कल सेलर्सकडून सहज करून घेतली असती, सेलर्सला काय अशक्य होतं? पण त्यानं खरा माणूस आणला. आणि डायल त्या भागात विनोदी आवाज काढत नाही. ज्या गांभीर्यानं तो खुनाची गोष्ट सांगायचा त्याच गांभीर्यानं तो मूर्खपणाची वाक्यं बोलतो.

माझं सगळं म्हणणं इथं येऊन थांबतं: विडंबनातलं भय अस्सल असलं पाहिजे. वादळ खरं हवं, दार खरं करकरायला हवं, घाबरवणारा माणूस खरोखर घाबरवता येणारा हवा. तो डोळा मारायला लागला की खेळ संपला.

गून शोच्या संहिता छापलेल्या मिळतात, त्यात ध्वनीच्या सूचना दोन प्रकारच्या आहेत. 'ग्रॅम्स' म्हणजे तबकडीवरून वाजवायचा आवाज, 'एफएक्स' म्हणजे स्टुडिओत तिथल्या तिथं काढायचा. वाचताना कळतं की मिलिगन ध्वनी हा संवादासारखा लिहितो. दारावर थाप पडते, आतून कडी निघते. मग साखळी, मग अडसर, मग किल्ल्यांचा जुडगा, मग आणखी एक कडी. आवाज एकेक करून अगदी खरे असतात, फक्त जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबत नाहीत. भयनाट्यात असं दार उघडायला चार सेकंद लागतात. त्याला वीस द्या, पहिल्या सहा सेकंदांत श्रोता धास्तावतो आणि सातव्यात हसतो. हे पडद्यावर करून बघा, प्रेक्षकाला दार दिसत असतं, तो कंटाळतो.

बाकीची माणसंही तशीच निवडलेली. निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड हा बीबीसीचा रीतसर उद्घोषक होता, बातम्या वाचणारा. वॉली स्टॉटचा वाद्यवृंद प्रसंगांना जोडणारं संगीत वाजवायचा ते एखाद्या गंभीर चित्रपटाला शोभावं असं. विनोदी पिपाण्या जवळजवळ नाहीतच.

तुमच्या ऐकण्यात अशी आणखी उदाहरणं आहेत का? आणि मराठीत हे कुणी केलंय का?

---

नभोवाणी

उत्तम धागा. खऱ्या आवाजाचा मुद्दा शंभर टक्के पटला.

आमच्या पिढीने आकाशवाणी मुंबईवर 'पुन्हा प्रपंच' ऐकले. त्यात टेकाडे भावजी होते बाळ कुडतरकर. हाच भारदस्त आवाज आम्ही चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधीच्या अनुबोधपटांत ऐकत असू: धरणे, शेती, लसीकरण. त्या आवाजावर लोकांचा विश्वास होता. तोच आवाज घरात येऊन पंतांची आणि मीनावहिनींची थट्टामस्करी करायचा तेव्हा तिला वेगळेच वजन यायचे. तुमच्या डायलसाहेबांचे गणित मला त्यावरून लगेच समजले. अर्थात 'प्रपंच' हा घरगुती मामला, भयाचा त्यात संबंध नाही.

भयाच्या श्रुतिका आकाशवाणीवर रात्री लागत. त्यांचे विडंबन झाल्याचे मात्र मला आठवत नाही.

---

तिरकी रेघ

लेख आवडला, पण 'कागदावर होत नाही' याला माझा सक्त विरोध. गॉथिकचं विडंबन कागदावर गॉथिक ऐन भरात असतानाच सुरू झालं होतं. होरेस वॉलपोलची ती पहिली गॉथिक कादंबरी 1764 ची, ॲन रॅडक्लिफची सगळ्यात गाजलेली 1794 ची, आणि जेन ऑस्टेननं 'नॉर्थँगर ॲबी'त या सगळ्याची जी हजेरी घेतली ती 1817 च्या डिसेंबरअखेरीस छापून आली. (मुखपृष्ठावर साल 1818. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' बाहेर पडली 1 जानेवारी 1818 ला. म्हणजे गॉथिकचं सर्वोत्तम विडंबन आणि गॉथिकची सर्वात टिकाऊ कादंबरी एकमेकींपासून काही दिवसांच्या अंतरानं लंडनच्या दुकानांत आल्या. हा योगायोग मला दरवेळी थक्क करतो.)

त्यातला तो प्रसंग आठवा. जुन्या मठाचं घर, वादळी रात्र, खोलीतलं काळं कपाट. नायिका कॅथरीन मोठ्या खटपटीनं ते उघडते, आतल्या कप्प्यात कागदांची गुंडाळी सापडते, आणि तेवढ्यात मेणबत्ती विझते. रात्रभर थरथरत पडून राहते. सकाळी उजेडात वाचते तर ते धोब्याचं बिल! इथं ना वाद्यवृंद, ना ग्रॅम्स. निव्वळ शाई.

---

पडद्यामागे

@तिरकी रेघ, तोच प्रसंग पुन्हा काढून वाचा अशी विनंती. मेणबत्ती विझल्यावर ऑस्टेन काय करते? वाऱ्याचा जोर वाढवते. मग दूर जाणारी पावलं आणि लांब कुठंतरी दार बंद झाल्याचा आवाज कॅथरीनच्या कानावर घालते. उजेड काढून घेतला आणि पुढचं सगळं कानांवर सोपवलं. रेडिओ यायला शंभरेक वर्षं होती, पण तिनं त्या परिच्छेदापुरती श्रुतिकाच लिहिलीय. आणि वादळात कुठंही खोट नाही, कॅथरीनइतकेच आपणही घाबरतो. म्हणून सकाळचं बिल इतकं लागतं.

'कागदावर तितकं होत नाही' या माझ्या विधानावर मी ठाम आहे. ऑस्टेनची गोष्ट वेगळी, तिच्यासारखी लेखणी सगळ्यांकडे नसते.

---

थेम्सकाठ

इथं इंग्लंडमध्ये राहून मला गून शोपेक्षा जवळची वाटलेली मालिका सांगते: रेडिओ 4 वरची 'ब्लीक एक्स्पेक्टेशन्स'. लेखक मार्क इव्हान्स, 2007 ते 2012, पाच पर्वं. डिकन्सचं विडंबन आहे, पण डिकन्समधला जो काळोखा भाग आहे ना, दलदल, स्मशान, कैदी, बंद घड्याळांच्या घरात लग्नाचा पोशाख घालून बसलेली ती बाई, 1860-61 च्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला तो सगळा मालमसाला गॉथिकचाच आहे.

नायक पिप बिन. म्हातारा सर फिलिप आपली जीवनकथा सांगतोय आणि ती आपण ऐकतोय, अशी मांडणी. त्यानं कचऱ्याच्या डब्याचा शोध लावून पैसा केला. खलनायकाचं नाव मिस्टर जेंटली बेनेव्होलंट, म्हणजे नावात नुसता प्रेमळपणा आणि करणी सैतानाची. हे काम अँथनी हेडनं केलंय आणि धागाकर्त्याचा नियम त्याला तंतोतंत लागू पडतो. तो खलनायक म्हणून इतका मन लावून बोलतो की बाकीचे सगळे वेडे वाटायला लागतात. म्हाताऱ्या सर फिलिपच्या भूमिकेतले रिचर्ड जॉन्सन तर जुन्या पठडीतले मुरलेले रंगभूमी-चित्रपट नट. त्यांनी एकेक वाक्य शेक्सपिअर बोलावं तसं बोललंय.

आणि जेफ्री व्हाइटहेड! पिपला छळणारा मुख्याध्यापक हार्डथ्रॅशर मरतो, मग पुढं त्याचा भाऊ येतो, मग आणखी एक भावंड. सगळ्यांचा आवाज एकच नट. गॉथिकमध्ये घराण्याचा शाप पिढ्यान्‌पिढ्या चालतो, त्याचं यापेक्षा नेमकं विडंबन मी ऐकलेलं नाही. दिसत नसल्यामुळे 'हा तर तोच माणूस' हे आपल्याला कानानं ओळखावं लागतं, आणि ओळखलं की दर वेळी नव्यानं मजा.

पुढं याचं नाटकही झालं, 2023 मध्ये लंडनच्या क्रायटेरिअन थिएटरमध्ये आलं होतं. नाटक छान होतं, पण माझ्या मनातला बेनेव्होलंट त्याच्याहून उंच आणि काळा होता.

---

मधुमालती

इतके प्रतिसाद झाले आणि कुणी हे लिहिलं नाही? स्पाइक मिलिगन आपल्या नगरचा! 16 एप्रिल 1918, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. वडील लिओ मिलिगन ब्रिटिश भारतीय सैन्यात होते आणि हौसेनं सैनिकांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत कामं करायचे. स्पाइकचं बालपण पुण्यात गेलं, कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीमध्ये शिकला, तिथंच नाताळच्या नाटकात विदूषक झाला. मग रंगून, आणि पुढं इंग्लंड.

मला त्याच्या लेखनातलं भय समजून घ्यायला मात्र पुणं नव्हे, इटली महत्त्वाची वाटते. जानेवारी 1944 मध्ये मोंते कासीनोच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि मनानं कोलमडला. सीकमही तोफखान्यातलाच. दोघांची गाठ उत्तर आफ्रिकेत पडली ती कशी, तर मिलिगनच्या तुकडीची जड तोफ कड्यावरून घरंगळत खाली सीकमच्या ठाण्याजवळ येऊन पडली आणि पाठोपाठ मिलिगन 'इथं कुणी तोफ पाहिलीत का?' असं विचारत आला. हा किस्सा दोघांनीही आयुष्यभर सांगितला.

गून शोमध्ये दर थोड्या वेळानं स्फोट होतो, सगळ्यांच्या चिंधड्या उडतात आणि पुढच्याच वाक्याला सगळे पुन्हा बोलायला लागतात. स्फोट खरा कसा असतो हे ठाऊक असलेल्या माणसांनी केलेला विनोद आहे हा. 1952 च्या अखेरीस, दर आठवड्याला नवा भाग लिहिण्याच्या ताणाखाली, मिलिगन इतका खचला की त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. 'भय अस्सल असलं पाहिजे' असं धाग्यात म्हटलंय. या माणसाकडे ते होतंच, आणायला जावं लागलं नाही.

---

खडकीवाला

मिलिगन नगरचा म्हणून अभिमान बाळगणाऱ्यांनी गून शोमधली लालकाका आणि बॅनर्जी ही पात्रंही ऐकावीत. सेलर्स आणि मिलिगन दोघं हेल काढून 'हिंदी बाबूंचं' इंग्रजी बोलतात आणि लंडनचा प्रेक्षक खदखदून हसतो. मेजर ब्लडनॉक हा भारतात राहिलेला लष्करी अधिकारी, त्याच्या पोटाचे आणि तिखट जेवणाचे विनोद. पुढं 1969 मध्ये मिलिगननं ब्रिटिश दूरचित्रवाणीवर तोंडाला रंग फासून 'करी अँड चिप्स'मध्ये काम केलं आणि तक्रारींनंतर ती मालिका गुंडाळावी लागली. मला हे ऐकवत नाही. गॉथिकवर बोला, पण हेही नोंदलं जावं.

---

मधुमालती

@खडकीवाला, नोंद योग्य आहे. 'करी अँड चिप्स'चं मी समर्थन करणार नाही. पण ब्लडनॉकची तुम्ही केलेली मांडणी मला अपुरी वाटते. तो भेकड, लाचखाऊ, तिजोरीतले पैसे घेऊन पळणारा साहेब आहे. कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेल्या पोरानं जवळून पाहिलेल्या साहेबी रुबाबाचं ते विडंबन आहे, आणि 1950 च्या दशकात बीबीसीवर ते करणं सोपं नव्हतं. लालकाका-बॅनर्जीबद्दल तुमच्याशी सहमत.

---

खडकीवाला

ब्लडनॉकबद्दल मान्य. बाकी मतभेद राहू द्या.

---

न्यूजर्सीकर

अमेरिकन बाजू. इथं 1941 ते 1952 'इनर सँक्टम' नावाची भयमालिका चालली, निर्माता हायमन ब्राउन. सुरुवात नेहमी करकरत उघडणाऱ्या दारानं, शेवट तेच दार बंद होऊन. सूत्रधार रेमंड, म्हणजे रेमंड एडवर्ड जॉन्सन, प्रेतांवर आणि कबरींवर शाब्दिक कोट्या करत श्रोत्यांचं स्वागत करायचा आणि मग गोष्ट मात्र पूर्ण गंभीर.

म्हणजे इथं भयमालिकेनं स्वतःच थट्टेचा वाटा उचलून दारातच देऊन टाकला होता. माझी शंका अशी की त्यामुळे तिचं विडंबन करायला फारसं काही उरलं नाही. ब्रिटनमध्ये डायलचा 'मॅन इन ब्लॅक' गंभीर राहिला, म्हणून मिलिगनला तो आयता मिळाला.

ऑर्सन वेल्सनं मर्क्युरी थिएटरची रेडिओमालिका 11 जुलै 1938 रोजी 'ड्रॅक्युला'नंच सुरू केली होती. ड्रॅक्युला आणि डॉक्टर सेवर्ड दोन्ही तोच. त्यात विनोदाचा लवलेश नाही. पण विडंबन लिहू पाहणाऱ्यानं ते आधी ऐकावं, कारण मोडायची चौकट कशी दिसते हे त्यातून फार स्वच्छ कळतं.

---

तिरकी रेघ

एक प्रश्न. एका विशिष्ट कलाकृतीचं विडंबन आणि अख्ख्या प्रकाराचं विडंबन, यात जास्त काय टिकतं? गून शोनंच 4 जानेवारी 1955 ला ऑर्वेलच्या '1984'चं विडंबन केलं होतं, '1985' नावानं. तीनच आठवडे आधी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर '1984'चं नाट्यरूपांतर येऊन गदारोळ झाला होता. त्यातला बिग ब्रदर म्हणजे खुद्द बीबीसी, आणि छळाच्या खोलीत कैद्याला बीबीसीचे कार्यक्रम ऐकवतात. त्या महिन्यात ते जबर लागलं असणार. आज मला निम्मे संदर्भ टिपा बघितल्याशिवाय लागत नाहीत. केशवकुमारांची विडंबनं शाळेत मूळ कवितांशेजारी ठेवूनच वाचावी लागायची, तसंच काहीसं.

---

पडद्यामागे

@तिरकी रेघ, माझ्या मते प्रकाराचं टिकतं. 'द कनाल' ऐकायला 'अपॉइंटमेंट विथ फिअर'चा एकही भाग ऐकलेला असण्याची गरज नाही. डायलनं तोंड उघडलं की पहिल्या वाक्यात कळतं हा आवाज कशासाठी बनलाय. 1956 च्या 'द हाउस ऑफ टीथ'मध्येही डायलच आहे. वादळी रात्र, एकाकी घर, आणि आलेल्या पाहुण्यांच्या कवळ्या गायब होतायत. रक्त नव्हे, कवळ्या! कारण डॉक्टरसाहेबांना आपल्या नर्तिकेसाठी कॅस्टनेट बनवायचेत. रक्त शोषणारा उमराव माहीत असला म्हणजे झालं, आणि तो जगात कुणाला माहीत नाही?

@न्यूजर्सीकर, रेमंडचा मुद्दा फार मोलाचा. मी त्या दिशेनं विचार केला नव्हता.

---

एकांकिकावाली

आमच्या गटाला ध्वनिमाध्यमासाठी अर्ध्या तासाची श्रुतिका करायचीय आणि हा धागा वाचून विषय ठरत आलाय. मराठी भयकथेचं विडंबन. पण मूळ काय धरायचं? वाडा, तळघर, माळावरचं घर, मुंज्याचा पिंपळ, चकवा हे सगळ्यांना ठाऊक आहे. नारायण धारपांचं वाचलेले आमच्या गटात पुष्कळ आहेत, पण ऐकणाऱ्या सगळ्यांनी वाचलं असेल असं नाही. आणि ध्वनी कुठून आणायचे? इंटरनेटवरचे तयार आवाज घेतले तर ते सगळे विलायती वाटतात. ओक वृक्षातून वाहणारा वारा पिंपळाचा वाटत नाही.

---

नभोवाणी

@एकांकिकावाली, पिंपळाची पाने वाजतात, सळसळ कोरडी आणि अखंड असते. प्रत्यक्ष जाऊन ध्वनिमुद्रण करावे. वाड्याचे दार असेल तर कडी-कोयंड्याचा आवाज हवा, विलायती बिजागरीचा नको. आमच्या वेळी स्टुडिओत एक लहानसे खरे दार चौकटीसह ठेवलेले असे, त्याला कडी, साखळी, कुलूप सगळे लावलेले.

---

पडद्यामागे

@एकांकिकावाली, नभोवाणींनी सांगितलंय ते तसंच करा. माझ्याकडून आणखी थोडं.

विशिष्ट लेखक किंवा कादंबरी धरू नका, प्रकार धरा. वाडा घ्या, वारसाहक्क घ्या, भाऊबंदकी घ्या. आपल्याकडच्या भयाच्या मुळाशी सातबाऱ्यावरचं नाव जितक्या वेळा असतं तितकं भूत नसतं. 'द कनाल'मधला विमा तिथं चपखल बसेल.

सूत्रधारासाठी विनोदी नट अजिबात घेऊ नका. तुमच्या ओळखीत जो माणूस शोकसभेचं सूत्रसंचालन करतो त्याला बोलवा. त्याला संहिता आधी द्या, पण विनोद कुठं आहे ते सांगू नका. त्यानं सगळं खरं मानून वाचलं पाहिजे. तालमीत बाकीचे हसले तर त्यांना बाहेर बसवा, कारण हसू ऐकू आलं की तो नकळत त्याच्या मागं जायला लागतो.

ध्वनी आधी मुद्रित करा, संवाद नंतर. बहुतेक गट उलटं करतात आणि मग आवाज संवादांच्या फटींत कोंबले जातात. मिलिगनच्या संहितेत ध्वनीला स्वतःची ओळ आहे, तशी तुम्हीही द्या, आणि प्रत्येक ध्वनीपुढं सेकंद लिहा. एका वेळी एकच आवाज नेहमीपेक्षा लांबवा. दार लांबवलंत तर वादळ नेहमीसारखंच ठेवा. दोन्ही ताणले की श्रोत्याला मोजमाप उरत नाही आणि विनोद कळेनासा होतो.

ऐकायला सुरुवात 'द कनाल'पासून करा. गून शोचे भाग रेडिओ 4 एक्स्ट्रावर पुन्हा पुन्हा लागत आलेत. त्यानंतर 12 ऑक्टोबर 1954 चा बेक्सहिलच्या पुडिंगफेक्याचा भाग ऐका. रात्री समुद्रकिनाऱ्यावर म्हातारी मिनी आणि हेन्री क्रन उभे आहेत, अंधारातून काहीतरी सूं करत येतं आणि मिनीवर थपकन आदळतं. मग ते दोघं त्यावर किती वेळ आणि किती शांतपणे बोलतात ते घड्याळ लावून बघा. संहितेचा पहिला खर्डा झाला की इथं टाका, ध्वनीच्या ओळी मी तपासून देतो.